पहिला नग अंगावर

गुलाबभाई मोमीन यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वॉचमन होते. बारामतीत एका बँकेच्या पायऱ्यांशी निळी पँट, आकाशी शर्ट, खांद्यावरून शिट्टीची दोरी अशा थाटात उभे होते आणि मी स्कूटी चुकीच्या जागी लावली म्हणून माझ्यावर खेकसत होते. "ओ ताई, हितं न्हाय, तितं! हितनं म्हातारी माणसं वर चढत्यात." मी मुकाट्यानं गाडी हलवली. मनात चार शिव्याही दिल्या. मग त्याच आठवड्यात नोकरीसाठी जळोचीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गेले, तर मालकाच्या खुर्चीत हाच माणूस. मी दारातूनच परत फिरणार होते.

"या, या. आज मी वॉचमन न्हाय," ते म्हणाले. "गाडी कुठं बी लावा."

ही शेड म्हणजे मोमीन कुटुंबाचा शिलाईचा धंदा. साखर कारखान्यातल्या कामगारांचे खाकी कपडे, वेल्डरचे जाड एप्रन, एमआयडीसीतल्या कंपन्यांचे बॉयलर सूट, दवाखान्यातले डगले, वॉचमनचे गणवेश असं सगळं तिथं शिवलं जायचं. आमच्या भागात 'कारखाना' म्हटलं की तो साखरेचाच. दुसऱ्या कशाला तो मान नाही. त्यामुळं आम्ही सगळ्या बाया शेडला नुसतं 'शिलाई' म्हणायचो. "शिलाईवर निघाले" म्हटलं की कन्हेरीच्या स्टँडवरच्या कंडक्टरलाही कळायचं. मी बी.कॉम. झालेली, पण कपडे तपासून गठ्ठे बांधण्यातच माझं आयुष्य गेलं आणि त्याचं मला काडीइतकंही वाईट वाटत नाही.

तर त्या वॉचमनगिरीचा खुलासा असा. शिलाईची एक रीत होती. नवा गणवेश शिवायला घेतला की पहिला नग तयार झाल्यावर बाकीचे गिऱ्हाइकाकडं जायच्या आधी गुलाबभाईंनी तो स्वतः घालायचा. आरशासमोर मिरवण्यापुरता नाही. पहाटेच्या फजरच्या अजानपासून सूर्य बुडतानाच्या मगरिबपर्यंत तो अंगावरून उतरायचा नाही. आणि ज्याचे कपडे त्याचं काम करायचं. वॉचमनचे असतील तर कुठंतरी जाऊन उभं राहायचं, वायरमनचे असतील तर शिडीवर चढायचं, माळ्याचे असतील तर शेजारच्या डाळिंबाच्या बागेत दिवसभर उकिडवं बसायचं. बँकेच्या मॅनेजरला त्यांनी आधी सांगून ठेवलेलं असायचं. खऱ्या वॉचमनला त्या दिवशी आयताच आराम मिळायचा.

"उभा माणूस फक्त फोटोत आसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "बाकी सगळी वाकत्यात, बसत्यात, हात वर करत्यात. कापड उभ्या माणसाचं बेतलं की फाटलंच समजा."

मापंही तशीच घ्यायचे. एखाद्या कंपनीच्या गेटवर कामगारांची रांग लागली की टेप गळ्यात टाकून हे पुढं उभे आणि हुकूम सोडायचे, "बसा. उठा. हात वर. आता पाठ खाजवा." कामगार खो खो हसायचे. एकदा एक गोरेगोमटे मॅनेजर रांगेच्या शेवटी येऊन उभे राहिले आणि आपणहून खाली बसले. उठताना त्यांच्याच पँटचं आसन टर्रकन उसवलं. गुलाबभाईंनी आपला सदरा काढून त्यांच्या कमरेला बांधला आणि बनियनवर उरलेली मापं घेतली. ते साहेब पुढं कितीतरी वर्षं दिवाळीला मिठाई पाठवत होते.

माणसांशी बोलताना त्यांचं लक्ष तोंडाकडं कमी आणि कोपरांकडं जास्त. समोरच्याची कॉलर उलटून बघायची, बाहीची शिवण दोन बोटांत धरून ओढायची, ही सवय इतकी की लग्नात नवरदेवाला शुभेच्छा देतानाही हात त्याच्या काखेत. बानूचाची, म्हणजे त्यांची बायको, काज-बटणाच्या मशीनवरून ओरडायची, "लोकांची लाज धरा जरा! परक्या माणसाच्या काखेत काय शोधताय?"

"कळी," ते शांतपणे सांगायचे.

काखेत बाही आणि अंगाच्या सांध्याला जो चौकोनी तुकडा घालतात, तो म्हणजे कळी. ती असली की हात वर केल्यावर कापड ताणत नाही. ती घालायला वेळ लागतो, म्हणून हल्ली कुणी घालत नाही. गुलाबभाईंचं दुःख तेवढंच. राजकारण, ऊसदर, क्रिकेट, कशाबद्दलही त्यांना मत नव्हतं. कळीबद्दल मात्र होतं.

पहिल्या नगाची ही रीत आली कुठून, हे मला बानूचाचीनंच सांगितलं. त्या बाईला काज करता करता बोलायची सवय. मशीन थांबलं की तीही थांबायची.

गुलाबभाई मुळात लग्नाचे सूट शिवणारे. तरुणपणी त्यांच्या हाताचा सूट घालून बोहल्यावर चढायचं म्हणजे मान. मग एका साखर कारखान्याचं कामगारांच्या कपड्यांचं काम त्यांना मिळालं. शिलाईचं ते पहिलंच मोठं काम. यांनी जीव ओतला. नवरदेवाच्या पँटला असते तशी तळाला बाहेरून झोकदार घडी मारली. छातीवर उघडा खिसा लावला. कामगार खूष, कारखाना खूष. ऊस गाळप संपल्यावर दुरुस्तीच्या दिवसांत डाळजचे निवृत्ती नावाचे वेल्डर पाइप जोडत होते. ठिणगी उडाली, पँटच्या घडीत जाऊन बसली आणि आत धुमसत राहिली. एरवी ती बुटावरून घरंगळून खाली पडली असती. पोटरी जळाली तेव्हा कुठं कळलं.

गुलाबभाई दवाखान्यात गेले ते रडतच. त्यांनी निवृत्तीचे पाय धरले. म्हणजे एकच पाय, दुसऱ्याला पट्टी होती. तर निवृत्ती खाटेवरून म्हणाले, "रडतायसा कशाला गुलाबराव? घडी लई झ्याक व्हती. म्हणून तर ठिणगीला बी तितंच बसावं वाटलं."

चाची हे सांगून हसली, डोळे पुसले आणि पुढचं काज घेतलं.

त्या दिवसानंतर गुलाबभाईंनी लग्नाचा एकही सूट शिवला नाही. स्वतःच्या पँटलाही कधी घडी मारली नाही. आणि पहिला नग अंगावर घ्यायला लागले. दर ईदला सकाळची नमाज झाली की शिरखुर्म्याचा डबा घेऊन डाळजला जायचे. तात्या, म्हणजे आता म्हातारे झालेले निवृत्ती, परत येताना डब्यात काकवी भरून द्यायचे. डबा मोकळा कधी आला नाही.

मी एकदा विचारलं होतं, "भाई, एवढ्या बाया आहोत इथं, एवढी गडीमाणसं आहेत. दर वेळी तुम्हीच कशाला घालायचा? मी घालते एखादा."

"तुमी शिवलाय, तपासलाय, तुमचं काम झालं," ते म्हणाले. "लेबलावर नाव कुणाचं हाय? मोमीनचं. मग मोमीननंच घालायचा. चटका बसायचाच आसंल तर आदी घरच्याला बसू दे."

या मोमीनांच्या घरचा दुसरा मोमीन म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा अस्लम. मी कामाला लागले तेव्हा तो पुण्यात इंजिनिअरिंगला होता. हुशार, कामसू, बायांशी अदबीनं बोलणारा. पण बापाच्या या सोंगांची त्याला भयंकर शरम वाटायची. लहानपणी शाळेच्या गेटशी बाप कधी कंपाउंडर होऊन, कधी झाडूवाला होऊन यायचा आणि पोरं ओरडायची, "अस्लम, आज तुझा बाप कोण आहे रे?" हे त्यानंच मला एकदा सांगितलं, हसत, पण ते हसणं वरवरचं होतं.

आणि मग त्याच्या साखरपुड्याला जे झालं ते झालं.

मुलगी इंदापूरची, यास्मिन. तिच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. दुपारी मोठा मंडप, बिर्याणीचा वास, दोन्हीकडची माणसं. नेमकी त्या वेळी एका कंपनीची बॉयलर सुटांची ऑर्डर अडकून बसलेली. चेन उशिरा आल्या, पहिला नग आदल्या रात्री तयार झाला आणि माल दुसऱ्या दिवशी निघणार. गुलाबभाईंनी हिशोब केला: दिवस एकच उरलाय, तो आजचा. तर मुलाच्या साखरपुड्याला हा गृहस्थ भगव्या रंगाचा, हातापायांवर चमकत्या पट्ट्या असलेला बॉयलर सूट घालून आला. शेरवानी पिशवीत.

आमची गाडी पुढं, ते मागून टेम्पोनं. मंडपाच्या दारात यास्मिनच्या मामांनी त्यांना बघितलं आणि सांगितलं, "आलात का? जनरेटर मागं आहे. आवाज फार करतोय, बघा जरा." गुलाबभाईंनी लगेच बाह्या मागं सारल्या. वाकायला, घुसायला, हात वर करायला इतकी चांगली जागा त्यांना कुठं मिळणार होती? गेले मागं. इकडं व्याही कुठं, व्याही कुठं, म्हणून शोधाशोध. शेवटी बानूचाचीनं मला डोळ्यानं खुणावलं आणि मी जनरेटरमागून त्यांना बाहेर काढलं. कोपरापर्यंत ऑइल, चेहऱ्यावर समाधान. "सुनंदाताई, आसन पास," ते मला म्हणाले.

"भाई, शेरवानी घाला. पाया पडते."

"मगरिब झाली की घालतो."

बॉयलर सुटातच बसले. पाहुण्यांशी गळाभेट करताना त्या पट्ट्या अशा चमकायच्या की फोटोग्राफरनं कपाळावर हात मारला. अस्लमचं तोंड लाल झालेलं. परतताना गाडीत तो एकच वाक्य बोलला, "माझ्या एका दिवशी तरी तुम्हाला नुसतं माझे अब्बा होऊन येता आलं नाही." गुलाबभाई खिडकीतून बाहेर उसाकडं बघत राहिले. मला तेव्हा दोघांचाही राग आला आणि दोघांचीही दया आली. यास्मिननं मात्र पुढं मला सांगितलं की हा भगवा माणूस आपला सासरा आहे हे कळलं, तेव्हाच तिला वाटलं की या घरात आपल्याला करमेल.

लग्नानंतर अस्लमनं नोकरी सोडून शिलाई हातात घेतली आणि ती खरोखर वाढवली. नवीन मशीनं आणली, कटिंग कॉम्प्युटरवर आणलं, आगीला दाद न देणारं कापड आणलं, त्याचे प्रयोगशाळेचे दाखले आणले. गुलाबभाई त्या कापडावर हात फिरवून खूष व्हायचे. "आमच्या वेळी हे आसतं तर तात्याची पोटरी वाचली आसती," म्हणायचे. बापलेकांत त्यावरून कधीच वाद नव्हता. वाद एकच, पहिला नग. आता माल तातडीनं जायचा, दिवसभर थांबायला कंपन्या तयार नसायच्या आणि गुलाबभाईंचं वय झालं होतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी ते फायरमनचा जाड कोट घालून शेडच्या पाण्याच्या टाकीवर चढले. खाली आले ते घेरी येऊनच. यास्मिननं धरलं म्हणून डोकं वाचलं. दवाखान्यातून आणल्यावर अस्लम त्यांच्या खाटेशी उभा राहिला. चिडलेला होता, पण बोलता बोलता त्यांची चादर सारखी करत होता.

"बस झालं अब्बा. आजपासून हे बंद. कापड तपासून येतं, शिवण सुनंदाताई तपासतात. तुमच्या जिवापेक्षा रीत मोठी नाही."

मला वाटलं, आता भांडण होणार. गुलाबभाई नुसते म्हणाले, "बरं."

आणि रीत बंद झाली. खरं सांगायचं तर काहीही बिघडलं नाही. माल जात राहिला, कंपन्या खूष राहिल्या. बिघडले ते फक्त गुलाबभाई. शिलाईवर यायचे, खुर्चीत बसायचे, पण कुणाची कॉलर उलटायचे नाहीत. मी मुद्दाम एक उसवलेली बाही घेऊन त्यांच्यासमोरून गेले, तरी नजर वर केली नाही. पुढं शेडवर येणंही थांबलं. शेडला लागूनच त्यांचं घर, तिथं रस्त्याकडच्या खिडकीशी त्यांची खाट टाकली. छातीत पाणी होत होतं. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं. मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन बसायचे. पूर्वी बडबडून डोकं उठवणारा माणूस आता भिंतीकडं तोंड करून पडायचा, आणि ते मला बघवायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात निवृत्तीतात्या त्यांना भेटायला आले. त्या ईदला डबा गेला नव्हता, म्हणून डाळजहून एसटीनं, काठी टेकत, स्वतःच काकवी घेऊन. दोघं म्हातारे बराच वेळ एकमेकांचा हात धरून बसले. अस्लम चहा घेऊन आला. शेडमध्ये त्या दिवशी एका मोठ्या कंपनीच्या वेल्डरांचे सूट चालू होते. पहिलीच ऑर्डर, कंपनीनंच नमुना पाठवलेला. तात्यांनी खिडकीतून गठ्ठे बघितले.

"पयला नग आता कोण घालतं?" त्यांनी सहज विचारलं.

गुलाबभाईंनी तोंड भिंतीकडं केलं.

"कुणी नाही तात्या," अस्लम म्हणाला. "बंद केलं ते."

"आसं व्हय." तात्यांनी बशीतला चहा संपवला. "मंग मला दे. मी घालतो."

"तुम्ही? तात्या, काहीतरीच काय! ती रीत घरच्यांसाठी होती. लेबलावर ज्याचं नाव…"

"लेबलावर न्हाय माजं नाव," तात्या म्हणाले, आणि धोतर जरा वर सरकवून त्यांनी ती सुरकुतलेली, चकाकणारी पोटरी पुढं केली. "पर तुमच्या शिलाईचं लेबल माज्या अंगावर हाय की. आन मला काय, बसून तर ऱ्हायचं दिवसभर."

ते हसत होते. टोमणा मारायचा त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांना खरंच घालायचा होता. अस्लम त्या पोटरीकडं बघत राहिला. लहानपणापासून त्यानं तात्यांचं नाव ऐकलं होतं, डबा बघितला होता; जखम मात्र बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. कप उचलून तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर अस्लम अंगणात उभा. अंगावर वेल्डरचा गडद निळा सूट, गळ्यापर्यंत चेन ओढलेली, ऊन आत्ताच चढायला लागलेलं. खिडकीत गुलाबभाई उशीला टेकून बसलेले. किती महिन्यांनी बसलेले बघितले मी त्यांना.

"फजरला घातलास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बस खाली."

"अब्बा, रस्त्यावरून लोक बघतायत."

"बघू दे. बस."

अस्लम बसला. उठला. हात वर केले. पाठ खाजवली. बाया दारात गोळा झालेल्या. कुणी हसलं नाही. "आता मगरिबपतोर काढायचा न्हाय," गुलाबभाई म्हणाले. "आन नुसता हिंडू नको. काम कर."

अस्लम रस्त्यावर आला तोच समोरच्या म्हातारीनं त्याला हटकलं, "ओ वायरमन! आमच्याकडची लाइट कवा येनार? कालपास्नं अंधारात हाय आमी." अस्लमनं एकदा खिडकीकडं बघितलं. मग म्हणाला, "चला आजी, बघू," आणि तिची शिडी खांद्यावर घेऊन चालू लागला. गुलाबभाई इतके हसले की खोकल्यानं बेजार झाले. बानूचाची एका हातानं त्यांची पाठ चोळत होती, दुसऱ्यानं स्वतःचे डोळे पुसत होती.

त्यानंतर पंधरवडाही काढला नाही त्यांनी. पण मला शेवटचे आठवतात ते त्याच संध्याकाळचे. मगरिबची अजान झाली, तसा अस्लम घामानं चिंब होऊन आला. दिवसभर त्यानं म्हातारीचा फ्यूज बसवला होता, शेजारच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगला हात लावला होता, टाकीवर चढला होता. खाटेशी येऊन तो उभा राहिला आणि उजवा हात वर केला. काखेत शिवण चांगली बोटभर उसवली होती. नमुन्यात कळी नव्हती. नमुना कंपनीचा, म्हणून आम्ही कुणी घातलीही नव्हती. मी तपासलेला नग होता तो.

"घावलं," गुलाबभाई म्हणाले.

"घावलं, अब्बा. माल थांबवलाय. सगळ्यांना कळी घालतो."

गुलाबभाईंनी सवयीनं हात पुढं केला, शिवण दोन बोटांत धरून ओढून बघितली आणि ते भोक थोडं आणखी मोठं केलं. मग त्यातून एक बोट आत घालून त्यांनी एवढ्या थोराड मुलाला काखेत गुदगुल्या केल्या. अस्लम वाकडा होऊन हसला. "अब्बा, नको ना," म्हणाला. पण हात खाली घेतला नाही.